दवंडी दिल्याचा पंचनामा

महसूल खात्यातून निवृत्त झाले असं सांगितलं की लोक मला दोनच प्रश्न विचारतात. एक, आमच्या सातबाऱ्यावरचं नाव चुकलंय, ते कसं दुरुस्त करायचं? आणि दोन, जरा आवाज खाली आणून, तुमचं घर केवढं आहे? घर नाशिकलाच आहे आणि दोन खोल्यांचं आहे. सातबाऱ्याचं तलाठ्याला विचारा. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं सातबाऱ्यात गेली नाहीत, तोफांमध्ये गेली.

ही थट्टा नाही. नाशिकपासून फार लांब नाही अशा एका तालुक्यात डोंगराकडेला गोळाबाराचा सराव चालतो. त्या तालुक्याच्या कचेरीत मी आधी अव्वल कारकून होते, मग नायब तहसीलदार झाले. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण जे माझ्या टेबलावर झालं ते कुठल्याही टेबलावर झालं असतं, आणि नाव लिहिलं की बाकीचे तालुके सुटकेचा निःश्वास सोडतील. तेवढी सुटका मला कुणाला द्यायची नाही.

आधी हे काम काय असतं ते सांगते, कारण खात्यातल्या माणसांनासुद्धा ते नीट माहीत नसतं. तोफ चालवायला शिकायचं तर ती कुठेतरी उडवावी लागते. इथून उडवलेला गोळा काही किलोमीटरवरच्या डोंगरावर जाऊन पडतो. मधल्या पट्ट्यात शेतं आहेत, कुरणं आहेत, पाडे आहेत. ही जमीन लोकांचीच असते. सरकार ती विकत घेत नाही, वर्षातल्या ठरावीक दिवशी "तेवढा वेळ बाहेर व्हा" एवढंच म्हणतं. त्यासाठी इंग्रजांच्या काळचा कायदा आहे. कायदा म्हणतो, क्षेत्र जाहीर करा, तारखा आधी कळवा, गावोगाव दवंडी द्या, माणसं-जनावरं बाहेर निघू द्या आणि मग काय उडवायचं ते उडवा. लष्कर आपल्या बाजूने टेकडीवर लाल निशाण लावतं, रस्त्यावर जवान उभे करतं. गावात सांगायचं काम मात्र आमचं.

दवंडी द्यायची कोतवालाने. कोतवाल म्हटलं की शहरातल्या लोकांना पोलीस आठवतो. आमचा कोतवाल म्हणजे महसूल खात्याचा गावातला सगळ्यात खालचा माणूस. त्याच्याकडे एक डफ, वयाची पंचावन्न वर्षं, दुखणारे गुडघे आणि चार गावं. त्याने डफ वाजवून तारखा सांगायच्या. सांगितल्या हे सिद्ध करायला गावातल्या दोन माणसांनी पंच म्हणून सही किंवा अंगठा द्यायचा, की होय, दवंडी झाली आणि आम्ही ऐकली. हाच दवंडी दिल्याचा पंचनामा. तो फायलीला लागला की आम्ही पत्र द्यायचं, "पट्टा रिकामा करण्याबाबत कार्यवाही पूर्ण." ते पत्र मिळालं की तोफा सुरू.

या टेबलावर गिऱ्हाईकंही एकेक यायची. एक निवृत्त गुरुजी दरवर्षी अर्ज करायचे की तोफेच्या हादऱ्याने त्यांचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडतं, सबब पंचनामा व्हावा. तिसऱ्या वर्षी वैतागून मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन बसले. सकाळभर गोळे उडले. घड्याळ टिकटिक करत राहिलं. गुरुजींची बोलती मात्र बंद झाली, तीही पाचच मिनिटं. मग म्हणाले, "आज तुम्ही बसलात म्हणून ते थांबलं नाही." दिंडोरीकडच्या एका द्राक्षवाल्याने तर फोन करून विचारलं होतं, "मॅडम, ढग भरून आले की आमच्या दिशेनं दोन गोळे सोडता येतील का? गारा फुटतात म्हणं त्यानं." मी म्हटलं, लष्कराला लिहा. त्याने खरंच लिहिलं. त्यावरचं उत्तर सहा महिन्यांनी माझ्याकडेच आलं, "आपल्या स्तरावर निकाली काढावे."

वर्षाच्या शेवटी एक तक्ता भरायचा असे. त्यात एक रकाना होता, जीवितहानी. त्यात आम्ही "निरंक" लिहीत असू. सरकारी भाषेत निरंक म्हणजे काहीही नाही. तो रकाना मागच्या वर्षीच्या तक्त्यावरून उतरवला जायचा. एखादा माणूस न फुटलेल्या गोळ्याने जखमी झाला तरी पोलिसांकडे त्याची नोंद वेगळ्याच नावाने व्हायची आणि आमचा रकाना स्वच्छ राहायचा. मीही उतरवलाय तो, न वाचता. हे लिहिताना स्वतःचाच संताप येतो.

संताप येण्याचं खास कारण आहे. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीवर घटनेची उद्देशिका लावलेली होती. शाळेत जायच्या आधीपासून ती मला पाठ. माणसाचा जीव कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय घेता येत नाही, हे आमच्या वडिलांनी आम्हा भावंडांना पाढ्यांसारखं घोकवून घेतलं होतं. आणि ती रीत म्हणजे नेमकं काय, तर माझ्या टेबलावरचा तो एक पानाचा पंचनामा, हे कळायला मला एक माणूस मरावा लागला.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्याकडे एक सोयीची पद्धत होती. तोफांच्या तारखा आयत्या वेळी येत, बदलत. दर वेळी पाड्यावर चढून पंच गोळा करणं कुणाला जमणार? म्हणून वर्षातून एकदा, रेशनकार्डाच्या शिबिराला लोक खाली आले की आम्ही कोऱ्या छापील पंचनाम्यांवर त्यांचे अंगठे घेऊन ठेवायचो. तारीख नंतर भरायची. ही पद्धत मी काढली नाही. मी आले तेव्हा ती होतीच, आणि माझ्या आधीच्या भाऊसाहेबांनी ती मला कौतुकाने शिकवली होती. मी पुढे तिला शिस्त लावली. गावाप्रमाणे वेगळे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी. साहेबांनी मीटिंगमध्ये शाबासकी दिली होती.

त्या वर्षीच्या शिबिरात खैरपाड्याचा सोमा आला होता, बायकोबरोबर. खैरपाडा म्हणजे मुख्य गावापासून ओढ्यापलीकडे, वर चढावर, वीसेक घरांची वस्ती. आदल्या वर्षीच सरकारने नवी अधिसूचना काढून गोळाबाराचा पट्टा त्यांच्या उतारापर्यंत वाढवला होता. सोमा हसरा माणूस. मी कागद पुढे केला तर म्हणाला, "बाई, कशाचा अंगठा?"

"दवंडीचा."

"दवंडी तर झाली नाय."

"होईल रे."

"मंग ठीक हाय," म्हणाला आणि बारा कागदांवर बारा अंगठे देऊन, शाईचं बोट डोक्याला पुसून गेला. त्याची बायको हिराबाई शेजारीच उभी होती. रांग मोठी होती, मी "पुढचे या" म्हटलं.

पुढे काही महिन्यांनी तारीख बदलली. सोमवारचा सराव गुरुवारवर गेला. निरोप मोबाइलवर ग्रुपमध्ये आला, सुप्रभात आणि वाढदिवसाच्या केकांच्या मधोमध. मी तो तलाठ्याला पाठवला, तलाठ्याने कोतवालाला फोन केला, कोतवालाने मुख्य गावात डफ वाजवला. खैरपाड्याला चढायचं तर गुडघे. पाड्यावर मोबाइल लागत नाही. मी इकडे खैरपाड्याच्या गठ्ठ्यातला वरचा कोरा कागद घेतला, त्यावर तारीख भरली, फायलीला लावला आणि पत्र तयार केलं. खाली अंगठा कुणाचा आहे हे पाहिलं नाही. पाहायचं असतं हेच डोक्यात नव्हतं.

गुरुवारी सकाळी सोमा बैल घेऊन आपल्याच शेतात नांगराला गेला. रस्त्यावर जवान होते, पण तो रस्त्याने आलाच नाही, वरून पाड्यातून सरळ उतरला. लाल निशाण टेकडीच्या पलीकडच्या अंगाला होतं. मी पुढचं वर्णन करत नाही. बैलही गेले.

दुसऱ्या दिवशी लष्कराचे एक अधिकारी कचेरीत आले. तरुण होते, आवाज चढवला नाही. आमचंच पत्र त्यांनी माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, आम्हाला तुमच्याकडून पट्टा रिकामा असल्याचं कळलं होतं." मी फाईल शोधायच्या निमित्ताने कपाटाकडे वळले. फाईल टेबलावरच होती.

मग हिराबाईने मुंबईला हायकोर्टात याचिका केली. तिची वकील नाशिकचीच, नुकती सनद घेतलेली मुलगी. याचिकेत मागणी दोन ओळींची होती. पट्टा खैरपाड्यापर्यंत वाढवण्याचा निर्णय रद्द करा आणि आमच्या जिवाचा हक्क मोडला गेला हे जाहीर करा. कचेरीत चहाच्या वेळी यावर जी प्रवचनं झाली ती विचारू नका. "आता तोफा कुठं उडवायच्या हे खैरपाड्याची बाई ठरवणार का?" "देशाचं रक्षण आधी की नांगरट आधी?" ज्यांना स्वतःच्या बदलीचं ठिकाण ठरवता येत नाही, ते सगळे सरहद्दीवर पोचले होते. देशाची आठवण आमच्या खात्याला नेमकी चूक झाकायची असली की येते.

न्यायालय अशा खटल्यात काय करतं, हेही इथे सांगायला हवं. पुष्कळ लोकांना वाटतं की कोर्ट म्हणजे सरकारच्या वरचं सरकार. तसं नाही. कोर्ट सरकारच्या खुर्चीत बसत नाही. तोफा किती हव्यात, सराव कुठल्या डोंगरावर हवा, हे ते ठरवत नाही, आणि ठरवू नये. त्याला त्यातलं कळत नाही हे ते स्वतःच सांगतं. ते एवढंच विचारतं की निर्णय घेताना आणि राबवताना तुम्हीच केलेली रीत तुम्ही पाळलीत का, आणि ज्याचा जीव जायचा त्याचा विचार कुठल्या कागदावर केलात, तो कागद दाखवा. याला न्यायालयीन पुनर्विलोकन असं दात पाडणारं नाव आहे. माझ्या भाषेत, फाईल उघडून दाखवा.

फाईल उघडायचं काम माझ्याकडे आलं. याचिकेच्या प्रत्येक परिच्छेदावर कचेरीचं म्हणणं लिहून सरकारी वकिलांना पाठवायचं असतं. त्याला परिच्छेदनिहाय अभिप्राय म्हणतात. यात दोनच वाक्यं लागतात. "हे म्हणणे खरे नाही" आणि "याबाबत अभिप्राय नाहीत." एवढ्या दोन वाक्यांवर लोक बढत्या घेऊन निवृत्त होतात.

चौदाव्या परिच्छेदात हिराबाईचं म्हणणं होतं की पाड्यावर दवंडी झालीच नाही. मी उत्तरासाठी तो पंचनामा काढला आणि पहिल्यांदा खाली पाहिलं. पंच क्रमांक एकचा अंगठा सोमाचा होता. अंगठ्याखाली त्याचं नाव माझ्याच अक्षरात.

म्हणजे कागदावर चित्र असं होतं की गुरुवारी तोफा उडणार ही दवंडी सोमाने स्वतः ऐकली, ऐकल्याचा अंगठा दिला आणि तरीही तो गेला. कचेरीच्या बचावाला याहून भक्कम पुरावा शोधून सापडला नसता. मी खुर्चीत बसूनच राहिले. हा कागद कोर्टात गेला तर हिराबाईची याचिका तर बुडणारच होती, वर नवरा आपल्या हाताने मेला असं हायकोर्टाच्या कागदावर येणार होतं. आणि अंगठा कोऱ्यावर घेतलाय हे सांगणारी कचेरीत एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मी.

मी चौदाव्या परिच्छेदापुढे लिहिलं, "हे म्हणणे खरे आहे." खाली कोऱ्या कागदांची हकीकत लिहिली. तहसीलदार साहेबांनी मला बोलावलं. साहेब वाईट नव्हते, बदलीच्या प्रतीक्षेत होते.

"मॅडम, 'खरे आहे' असं कुठं लिहितात का?"

"पण साहेब, खरं आहे."

"ते असू द्या हो. अभिप्रायात लिहितात का? तुमची चौकशी लागेल, माझी लागेल, माझ्या आधीच्यांची लागेल. बरं, त्यानं माणूस परत येणार आहे का?"

"फेरसादर करावे" असा शेरा घेऊन कागद परत आला. मी दुसऱ्यांदा तेच जरा मऊ करून लिहिलं. पुन्हा फेरसादर. तिसऱ्यांदा मी लिहिलं, "सदर दवंडीचा पंचनामा अभिलेखावर उपलब्ध असून प्रत सोबत जोडली आहे." यातला शब्दन् शब्द खरा होता. साहेबांनी लगेच सही केली आणि चहा मागवला. मीही प्यायले. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, माझ्या डोळ्यांपुढे ते होतं. दुसरं काही कारण सांगितलं तर ते खोटं होईल.

सुनावणीच्या दिवशी फाईल घेऊन मला मुंबईला पाठवलं. आमच्यासारख्यांनी मागच्या बाकावर बसायचं आणि वकिलांनी हात मागे केला की हवा तो कागद त्या हातात द्यायचा. सरकारी वकील वयस्क आणि तापट होते. त्यांनी आधी देशाच्या संरक्षणावर बरंच सांगितलं. दोन न्यायाधीशांपैकी एक म्हणाले, तोफा कुठे ठेवायच्या यात आम्ही पडत नाही, पण लोकांना कळवलं कसं ते दाखवा. वकिलांचा हात मागे आला. मी पंचनामा दिला. त्यांनी तो वाचला, मृताचं नाव दोनदा वाचलं, आणि त्यांचा आवाज एकदम उजळला. सगळं इंग्रजीत चाललं होतं. न्यायाधीशांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नाशिकची मुलगी कागद चाळत होती. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

बाहेर व्हरांड्यात हिराबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने फडक्यातली नागलीची भाकर सोडली आणि मला पाहून अर्धी पुढे केली. तिच्यापासून लांब बसायला जागा नव्हती, म्हणून मी शेजारी बसले. भाकर घेतली नाही.

"बाई, ते मघाशी आमच्या ह्यांचं नाव घेत व्हते. काय म्हणले?"

तिच्या वकिलाला विचार, असं मी म्हणू शकले असते. पण म्हटलं, "म्हणाले, त्याला ठाऊक होतं."

"काय ठावं व्हतं?"

"त्या दिवशी तोफा उडणार ते. दवंडीच्या कागदावर त्याचा अंगठा आहे ना."

तिने तोंडातला घास सावकाश संपवला. "ठावं असतं तर बैल न्हेले असते का त्यानं?" ती म्हणाली. "येकला गेला असता येखांद्या येळी, येडाच व्हता तो. पन बैल न्हेले नसते."

त्या एवढ्या मोठ्या इमारतीत सकाळपासून कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं.

"आन अंगठा तर तुमीच घेतलावता," ती पुढे म्हणाली. "राशनकारडाच्या दिवशी. मी व्हते ना तिथं. कागद कोरा व्हता." तिच्या आवाजात आरोप नव्हता, आणि हेच मला सोसवेना. तिने माझ्याकडे पाहिलं. "सांगायचं राहून गेलं का तुमचं? मंग आता सांगा की."

तिला खरोखरच वाटत होतं की माझं राहून गेलंय, दुधाचं भांडं झाकायचं राहून जावं तसं.

मी सरकारी वकिलांना कँटीनमध्ये गाठलं. ते इडली खात होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चमचा ताटात आपटला. "बाई, हे मला जेवणाआधी सांगता आलं नाही? मी त्या कागदावर अर्धा तास बोललो! हायकोर्टात! माझ्या तोंडून!" आजूबाजूचे लोक वळून पाहायला लागले. मी म्हटलं, "दोनदा लिहिलं होतं साहेब, फेरसादर झालं." त्यांनी डोक्याला हात लावला. पण माणूस सच्चा होता. इडली तशीच टाकून उठले आणि म्हणाले, "चला. माहीत असून मला आता गप्प बसता येणार नाही. आणि तुम्हालाही मी गप्प बसू देणार नाही."

सुट्टीनंतर त्यांनी न्यायालयाला सांगितलं की या पंचनाम्यावर मी विसंबू शकत नाही, संबंधित अधिकारी इथे हजर आहेत. न्यायाधीशांनी मला पुढे बोलावलं. मी इंग्रजी जुळवायला लागले, तर ते म्हणाले, "मराठीत सांगा."

मी सांगितलं. रेशनकार्डाचं शिबिर, गठ्ठे, चिठ्ठ्या, वरचा कागद, तारीख. कोतवाल पाड्यावर गेला नव्हता, हेही.

"हे कोरे कागद फक्त या पाड्याचे, की सगळ्याच गावांचे?"

मागे साहेब नव्हते, पण त्यांचा चेहरा मला दिसत होता. "सगळ्याच गावांचे," मी म्हटलं.

न्यायाधीश लिहीत होते. हिराबाईला पहिल्यांदाच सगळं समजलं, कारण पहिल्यांदाच ते मराठीत झालं होतं.

निकाल काही आठवड्यांनी आला. न्यायालयाने पट्टा रद्द केला नाही. संरक्षणासाठी जागा कुठली हा सरकारचा निर्णय आहे, आम्ही त्यावर आमचा निर्णय ठेवणार नाही, असं स्पष्ट लिहिलं. पण संरक्षण हा शब्द उच्चारला म्हणून नागरिकाचा जीव कागदावरच सांभाळला तरी चालतो असं होत नाही, हेही लिहिलं. त्या माणसाला सूचना मिळाली नव्हती, त्याचा दोष नव्हता, हे नाव घेऊन नोंदवलं. आणि यापुढे जबाबदार अधिकाऱ्याने प्रत्येक पाड्यावर स्वतः जाऊन सांगितल्याशिवाय एकही गोळा उडवायचा नाही, असा आदेश दिला. आमच्या चहावाल्या मंडळींनी याचा अर्थ "सरकार जिंकलं" असा काढला. हिराबाईच्या वकिलाने "आपण जिंकलो" असा काढला. दोघांनीही निकाल शेवटपर्यंत वाचला नसावा.

माझी विभागीय चौकशी लागली. आरोप होता, कोऱ्या पंचनाम्यांवर अंगठे घेतले. आरोप खरा होता, मी मान्य केला, वेतनवाढ थांबली. "हात दाखवून अवलक्षण," असं सहकारी म्हणाले. साहेबांची हव्या त्या ठिकाणी बदली झाली, त्यांना निरोपाला शाल आणि नारळ मिळाला. ज्यांनी मला ती पद्धत शिकवली ते भाऊसाहेब भेटायला आले आणि कळवळून म्हणाले, "ताई, इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं हो!" मी त्यांना चहा दिला.

आणि मग आदेशातला तो जबाबदार अधिकारी म्हणून कचेरीने कुणाला नेमलं असेल? चौकशी चालू असलेल्या बाईलाच. दुसरं कुणी चढायला तयार नव्हतं.

पुढच्या सरावाआधी कोतवालाला घेऊन मी खैरपाड्यावर चढले. तो गुडघ्याला हात लावत, मी कमरेला. प्रत्येक दारापुढे डफ वाजवला, तारीख आणि वेळ सांगितली. दोन घरांतली माणसं लाकडाला गेली होती, त्यांची वाट पाहत दुपारपर्यंत बसलो. शेवटी हिराबाईच्या अंगणात आलो. तिने दोघांना पाणी दिलं. निकाल आला तेव्हाच मी तिला समजावला होता, तरी तिने पुन्हा विचारलं, "म्हंजे तोफा हायेतच."

"आहेत."

"फकस्त सांगून उडवायच्या."

"हो. आणि कुणी आत राहिलं तर थांबायचं."

"बघू," ती म्हणाली.

मी छापील पंचनामा काढला. या वेळी तारीख, वेळ, गाव सगळं आधीच भरलेलं होतं. शाईचं पॅड पुढे केलं. तिने हात पुढे केला नाही.

"मी का म्हनून अंगठा देऊ?" ती म्हणाली. चिडून नाही, विचारलं तिने. "आमी ऐकलं याचा कागद तुमाला लागतो. तुमी सांगितलं याचा कागद आमाला कोन देतं?"

मी तो फॉर्म पुन्हा पाहिला. इतकी वर्षं हाताखालून गेला होता. पंच क्रमांक एक, पंच क्रमांक दोन. ज्याने सांगायचं त्याच्या सहीला त्यावर जागाच नव्हती. (पंचांविना गेलेला तो पंचनामा पुढे तीनदा "त्रुटीपूर्तीसाठी परत" आला, ती वेगळी कटकट.)

मी डायरीतला एक कागद फाडला. त्यावर लिहिलं की मी, अमुक नावाची, अमुक हुद्द्याची, आज खैरपाड्यावर घरोघर स्वतः येऊन अमुक तारखा आणि अमुक वेळ सांगितली आहे, आणि यात चूक निघाली तर ती माझी आहे. खाली पूर्ण सही केली, कचेरीचा शिक्का मारला.

"वाचा," हिराबाई म्हणाली.

मी वाचलं. तिने कागद हातात घेतला, वाचता येत नसलेल्या माणसाच्या सावधपणाने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, उलटून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "कुठं कोरं नाय ना ठिवलं?"